सुंदराची सावड

गोजर. गोजरची सून भागीरथी. भागीरथीची सून हिराबाई. खर्डी स्टेशनापासून डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर जे कौलारू घर आहे, त्याच्या सातबाऱ्यावर पुरुषांची नावे लागली; परंतु आवणीच्या दिवसांत, भाताची रोपे खाचरात लावायची वेळ आली की, ते घर या तिघींच्या नावानेच ओळखले गेले. आवणीच्या रांगेत उजव्या बांधाकडची पहिली जागा त्या घरच्या सुनेची. तिने मूठ सोडली की इतरांनी सोडायची, तिने कंबर सरळ केली की इतरांनी करायची. गोजरने ती जागा भागीरथीला दिली, भागीरथीने हिराबाईला. हिराबाईने आपल्या धाऊचे लग्न म्हसा गावाजवळच्या सुंदराशी लावले आणि सुनेचा हात पारखून पुढल्याच पावसाळ्यात ती जागा तिला दिली.

देताना ती एवढेच म्हणाली, "मागं बघू नको. मागं बघणारीच्या रांगा वाकड्या होतात."

आवणीला गावात मजूर लावत नसत. सावड असे. आज सगळ्या बायका एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. सावडीचा हिशोब पैशांनी होत नसे आणि धान्यानेही होत नसे. दिवसाला दिवस द्यावा लागे. त्यातही सुनेच्या दिवसाला सुनेचाच दिवस, सासूच्या दिवसाला सासूचाच. म्हाताऱ्या बाईने तरुण बाईचा दिवस फेडलेला चालत नसे, कारण म्हातारीच्या दिवसात चिखल कमी झाकला जातो. हा नियम कोणी केला ते कोणालाही ठाऊक नव्हते आणि तो मोडल्याचे कोणी पाहिले नव्हते. सुंदराची जोडी शेजारच्या बांधावरच्या जिवलीशी होती. दोघी एकाच वर्षी गावात नांदायला आल्या होत्या. जिवलीची जीभ तिखट होती, पण तिने कोणाचा अर्धा दिवसही बुडवला नव्हता.

सत्त्याण्णव सालच्या पौषात सुंदरा माहेरी म्हशाच्या जत्रेला गेली. बैलांच्या बाजाराच्या कडेला कासार बसले होते. मुलगी स्नेहल हिला बांगड्या भरून झाल्यावर कासाराने सुंदराचा हात धरला. दरवर्षीच्या मापाची बांगडी बोटांच्या मुळाशी अडली. त्याने तेल लावून गाठी दाबल्या, तेव्हा सुंदरा एवढ्या मोठ्याने ओरडली की, पलीकडच्या दावणीची जनावरे बिचकली.

"हाताला सूज हाय, बाई," कासार म्हणाला. "काय लागलं काय?"

"काय नाय. भात झोडताना भारे लय उचलले."

सूज उतरली नाही. सकाळी उठल्यावर तिच्या हातांच्या मुठी वळत नसत. दुधाची चरवी बोटांतून निसटू लागली. स्नेहलची वेणी घालताना तिच्या अंगठ्यांना जोर येत नसे. पोरगी म्हणे, "आये, सैल झाली," आणि मग ती वेणी हिराबाई घाली. खर्डीला एक जण सुया देत असे. त्याची सुई घेतली की पंधरवडाभर सुंदरा पहिल्यासारखी वावरे, तोंड तेवढे फुगे. मग दुखणे दुपटीने परत येई. तशा सुयांवर तिने तो उन्हाळा काढला.

त्या पावसाळ्यात जिवली आपल्या वाटणीचे सगळे दिवस हिराबाईच्या खाचरांत उभी राहिली. सुंदरा पहिल्या जागेवरून रोपे लावत होती, पण दुपारपर्यंत तिची पट्टी लावायची उरू लागली. बायका मागे सरकत सरकत बांधाला टेकल्या तरी सुंदरा अजून खाचराच्या मध्यावर होती. जिवली आपली पट्टी संपवून आडवी आली आणि सुंदराची उरलेली पट्टी लावू लागली.

"ऱ्हाऊ दे. मी करते."

"कधी करशील, दिवाळीला? सर बाजूला."

जिवलीच्या खाचरांची पाळी आली त्या दिवशी सुंदराला जमिनीवरून उठता आले नाही. हिराबाईने कमरेला पदर खोचला आणि स्वतः गेली. जिवली बांधावर रोपांच्या मुठी टाकत होती.

"काकी, तुमी कशाला आलाव?"

"सुंदराच्या जागी."

"तुमी तुमच्या जोडीच्या बाईकडं जा. सुनेचा दिवस सून फेडील. माझं काय घोडं पळतंय? पुढल्या वर्षी फेडील."

जिवली अपमान करत नव्हती, नियम सांगत होती. आणि तो हिराबाईला तिच्याही आधीपासून ठाऊक होता. ती आली त्या वाटेने परत गेली. ओटीवर भिंतीला टेकून बसलेल्या सुंदराने तिला लवकर परतताना पाहिले आणि काय झाले ते ओळखले.

धाऊ शहापूरच्या भातगिरणीत कामाला होता. गिरणीच्या मालकाच्या ओळखीने मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्याचा पत्ता मिळाला. तिथल्या डॉक्टरांनी सुंदराची बोटे एकेक करून पाहिली, रक्त काढले, हातांचे फोटो काढले. आमवात म्हणाले. रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची एक पिवळी गोळी दिली. हिराबाईचा सोमवारचा उपवास असे, म्हणून ध्यानात राहील अशा हिशोबाने पिवळ्या गोळीला सोमवार ठरला.

"औषध थांबवायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "सांध्यांची झीज होऊन बोटं वाकली की ती गोळ्यांनी सरळ होत नाहीत. आज ती सरळ आहेत. ती तशी ठेवायची एवढंच आपलं काम."

घरी आल्यावर हिराबाईने हुकूम काढला. सुंदराने कशालाच हात लावायचा नाही. चूल हिराबाई सांभाळेल, पाणी धाऊ भरेल, गुरे दोघे मिळून पाहतील. आजारी सुनेला राबवणारी घरे गावात होती. आपले घर त्यांतले नाही, हे लोकांना दिसावे अशी तिची इच्छा होती, आणि ते दिसलेही. हिराबाई सुनेला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देते, हे गावात कौतुकाने सांगितले जाऊ लागले.

सुंदरा ओटीवर बसू लागली. समोरून बायका धुण्याला जात, विळे घेऊन गवताला जात, मोळ्या घेऊन परतत. सुरुवातीला ती त्यांच्याशी बोले. पुढे कोणी हाक मारली तर मान हलवी. पुढे तीही हलवीनाशी झाली. ताटातला भात ती चिवडून ठेवी. पहाटे कोंबडा आरवण्याच्या कितीतरी आधी हिराबाईला जाग आली की, सुनेच्या अंथरुणावर तिला बसलेली आकृती दिसे.

"झोप की गो."

"झोपते."

गोळ्यांनी काम केले. सूज उतरली, रक्ताचा तपास सुधारला. डॉक्टरांनी कागद पाहून समाधान दाखवले. "आता दुखणं किती आहे?"

"तेवढंच हाय."

"तेवढंच कसं असेल? सूज नाही, रिपोर्ट चांगला आहे."

"सगळं अंग दुखतं. हाडं दुखतात, कातडं बी दुखतं."

डॉक्टरांनी पुन्हा बोटे दाबून पाहिली, मान हलवली, तीच औषधे पुढे चालू ठेवली. बाहेर रांग मोठी होती. खर्डीला उतरल्यावर धाऊ म्हणाला, "डॉक्टर बरी म्हणतो, यंत्र बरी म्हणतं. तू एकटीच नाय म्हणतेस. मंग खोटं कोण बोलतंय?"



पुढचा पावसाळा आला. सूज नाही हे गावाला दिसत होते. ती आवणीला गेली नाही, हेही दिसत होते. जिवली मात्र हिराबाईच्या खाचरात आली, कारण हिराबाईच्या घराशी तिचा बांधाला बांध लागून शेजार होता आणि तो तिला मोडायचा नव्हता. रोपांचा भारा डोक्यावर घेऊन ओटीपुढून जाताना ती थांबली.

"हात तं चांगले दिसतात गो तुझे. माझ्यापेक्षा गोरे झाले, बसून बसून."

बरोबरच्या बायका हसल्या. जिवली पुढे गेली. तिला हे वाक्य संध्याकाळपर्यंत आठवलेसुद्धा नसेल.

त्यानंतर दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले की, सुंदरा म्हणे, "बरं हाय." दुखते का? "नाय." गोळ्या घेता ना? "हा." हिवाळ्यात सूज परत आली, ती पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टरांना उलगडा होईना. त्यांनी पिवळ्या गोळ्यांची मात्रा वाढवली, पुढल्या खेपेला आणखी वाढवली. रक्ताचा तपास बिघडतच गेला. शिमगा संपता संपता सुंदराच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याजवळचे बोट बाहेरच्या बाजूला वळले आणि तसेच राहिले.

चैत्रात राब भाजायचे दिवस आले. पेरणीआधी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळ पसरून जाळतात; त्या राखेत भात पेरले की रोप जोमाने येते. हिराबाई घरामागच्या उकिरड्यातून सुके शेण पाटीत भरून राबाच्या तुकड्यावर नेत होती आणि ढेकळे हाताने फोडून पसरत होती. एका ढेकळात काहीतरी चकाकले. तिने ते ओढून काढले. गोळ्यांची पट्टी होती. आत पिवळ्या गोळ्या जशाच्या तशा होत्या. दुसऱ्या ढेकळात दुसरी सापडली. मग तिने पाटी उलटी केली आणि बसून सगळे शेण हातांनी चाळले. कागद, काच, तुटकी फणी बाजूला पडली. पट्ट्या वेगळ्या निघाल्या. रोजच्या पांढऱ्या गोळ्याही निघाल्या. हिवाळाभराचे औषध तिथे होते.

धाऊ आगटी पेटवायला काडेपेटी घेऊन उभा होता. "आये, काय झालं?"

"थांब. आज राब भाजायचा नाय."

ती पट्ट्या पदरात घेऊन ओटीवर आली आणि सुंदरापुढे पदर मोकळा केला. शेणाचा वास सुटला.

"ह्या तूच टाकल्यास?"

"हा."

"का गो? कडू लागतात? मळमळतं?"

"मळमळतं. पर त्याच्यासाठी नाय."

"मंग?"

सुंदरा आपल्या वळलेल्या बोटांकडे पाहत होती. बोलली तेव्हा तिचा आवाज रोजच्या कामाचे बोलावे तसा होता.

"गोळी खाल्ली तं मी टिकणार. टिकले तं बसून ऱ्हाणार. तुमी तांब्या देणार, हे पाणी भरणार, जिवली येऊन आपली खाचरं लावणार. ज्याच्यावर आधीच एवढं देणं चढलंय, त्यानं आणखी औषधं खाऊन आणखी चढवायचं? त्याच्यापेक्षा आपोआप जे होईल ते होऊ दे."

हिराबाईला असे उत्तर कधी कोणी दिले नव्हते. आळस तिला कळला असता, हट्ट कळला असता. दोन्हींवर तिच्यापाशी उपाय होते. तिने पट्ट्या एकेक करून पुसल्या, फडक्यात बांधल्या आणि आत जाऊन धाऊच्या पिशवीत ठेवल्या. "उद्या दवाखान्यात जायचं. मी येणार," ती म्हणाली. दवाखान्याला ती तोवर गेली नव्हती.

डॉक्टरांच्या टेबलावर तिने फडके सोडले. डॉक्टर आधी संतापले. आपण मात्रा वाढवत राहिलो आणि रोगी ती उकिरड्यात टाकत राहिला, याचा संताप होता. त्यांनी आवाज चढवला. हिराबाईने तो ऐकून घेतला आणि मग म्हणाली, "साहेब, तुमी रागावलाव ते बराबर. पर ती काय म्हनली ते बी ऐका." आणि ओटीवरचे शब्द तिने जसेच्या तसे सांगितले.

डॉक्टर थांबले. त्यांनी खुर्ची सुंदराकडे वळवली.

"झोप लागते?"

"नाय."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले."

"जेवण जातं? कोणाशी बोलावंसं वाटतं? पूर्वी जे आवडायचं त्यातलं काही अजून आवडतं?"

सुंदराने तिन्हींना नाही म्हटले. डॉक्टरांनी वाढवलेली मात्रा खोडली, औषध पुन्हा पहिल्यापासून थोडे थोडे सुरू करायचे असे लिहिले आणि दुसऱ्या एका विभागाची चिठ्ठी दिली. "हे आधी दाखवा. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. ते बरं नाही झालं, तर माझी औषधं पोटात जाणार नाहीत. गेली तरी त्यांना बरं वाटणार नाही. हे मी आधीच विचारायला हवं होतं."

वरच्या मजल्यावरची पाटी धाऊने वाचली आणि तो जिन्यातच थांबला. "आये, हा येड्यांचा डॉक्टर हाय."

"मला वाचता येत नाय म्हणून मला काय कळत नाय असं नाय. चल."

"गावात कळलं तं? पोरगी हाय आपल्याला. उद्या तिचं लगीन..."

"जो विचारील त्याला माझ्याकडं पाठव. मी सांगीन त्याला. तू पुढं हो."

आतल्या डॉक्टरीण बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी तिघांनाही बसायला सांगितले. सुंदराला विचारून झाल्यावर त्या हिराबाईकडे वळल्या.

"घरी यांच्याकडे काय काम असतं?"

"काय नाय." हिराबाईने मान वर केली. "पाण्याचा तांब्या बी मी हातात देते. आमच्या घरात आजारी सुनेला राबवत नाय."

"मग दिवसभर त्या करतात काय?"

"बसते."

"बसून काय करता?" डॉक्टरीण बाईंनी सुंदराला विचारले.

"मोजते."

"काय?"

"जिवलीचे दिवस."

धाऊने कपाळ चोळले. सावड म्हणजे काय ते डॉक्टरीण बाईंना हिराबाईनेच समजावून सांगितले, आणि सांगता सांगता तिचा आवाज खाली गेला. बाईंनी रात्रीची एक गोळी लिहून दिली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, लगेच सोडायची नाही, सुंदराला एकटे राहू द्यायचे नाही, गोळ्या तिच्या ताब्यात ठेवायच्या नाहीत, असे बजावले. शेवटी हिराबाईला म्हणाल्या, "आणि आजी, त्यांना काम द्या. झेपेल एवढंच, पण रोज द्या. जे काम झालं नाही तर घराचं अडेल, असं काम."

हिराबाईने गोळ्यांची चिठ्ठी कनवटीला खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुपात तांदूळ घेतले आणि सुंदरापुढे ठेवले. "निवड. दुपारचा भात ह्याचाच हाय."

सुंदरा बसून राहिली. दुपारी हिराबाईने त्याच तांदळाचा भात केला. धाऊच्या दाताखाली खडा आला, तो काही बोलणार तोच हिराबाई म्हणाली, "गप जेव. उद्या नसंल." दुसऱ्या दिवशीही खडे होते. तिसऱ्या दिवशी हिराबाई गोठ्यातून आली तेव्हा सूप अर्धे निवडलेले होते. तिने ते पाहिले आणि उरलेले अर्धे तसेच शिजवले.

गोळ्या हिराबाई आपल्या कनवटीला ठेवू लागली. सोमवारची गोळी ती आपला उपवास सोडायच्या आधी सुंदराच्या तोंडात घाली आणि पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभी राही. कोंबड्यांना दाणे घालणे, वासराला पाणी दाखवणे, वालाच्या शेंगा सोलणे, अशी कामे ती सुंदराला देऊ लागली. देताना तिचा स्वर पूर्वी होता तसाच हुकमाचा होता, आणि तो स्वर शेजारी ऐकू जाई.

विहिरीवर जिवलीने तिला गाठले. "काकी, आजारी सुनेला कामाला लावलीव म्हणं? तुमच्या घराचं एवढं नाव होतं."

चार बायका पोहरे धरून उभ्या होत्या. हिराबाईने घागर भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली.

"होतं. ऱ्हायलं नाय ते. घागर उचलू लाग."

जिवलीने घागर तिच्या डोक्यावर चढवली. पुढे कित्येक महिने गावात हिराबाई सुनेचा जाच करते असे बोलले गेले. आयुष्यभर राखलेले नाव तिने हातातून जाऊ दिले आणि त्याबद्दल एकदाही खुलासा केला नाही.

सुंदराला झोप आधी आली. भूक नंतर आली. दुखणे सगळ्यांत शेवटी हलले. रात्रीच्या गोळीने तोंड कोरडे पडे, पिवळ्या गोळीने मंगळवारी मळमळे. पण आता ती मळमळते असे सांगू लागली, आणि सांगितल्यावर डॉक्टरांनी त्यावर आणखी एक गोळी दिली. सूज पुन्हा उतरली. या वेळी डॉक्टरांनी दुखणे किती आहे विचारले, तेव्हा तिने विचार केला आणि म्हणाली, "सकाळी हाय. दुपारी कमी असतं." डॉक्टरांनी ते लिहून घेतले. वळलेली दोन बोटे वळलेलीच राहिली. अंगठा आणि त्याच्याजवळची दोन बोटे सरळ होती.

एक वर्ष असे गेले. मधल्या थंडीत एकदा तिची झोप पुन्हा गेली, ती पुन्हा भिंतीला टेकून बसली. हिराबाईने वाट पाहिली नाही. त्याच आठवड्यात तिला वरच्या मजल्यावर नेले. मात्रा बदलली. धाऊ आता जिन्यात थांबत नसे.

दोन हजार साली आवणीच्या तोंडावर सुंदरा जिवलीच्या दारात गेली. जिवली विळ्याला धार लावत होती.

"माझ्यावर तुझे दिवस हायत."

"हायत. मी काय मागितले?"

"मला फेडायचे हायत."

जिवलीने तिच्या हातांकडे पाहिले. वळलेली बोटे तिने जवळून पहिल्यांदाच पाहिली असावीत. तिचा विळा थांबला.

"जमंल का तुला? उगी माझी रोपं वाया घालवशील."

"आवणीला अंगठा आन दोन बोटं लागतात. तेवढी हायत. पर आख्खा दिवस पाण्यात उभं ऱ्हायला डॉक्टर नको म्हनतो. अर्धा अर्धा फेडीन."

"अर्धा दिला तं अर्धाच धरीन हां."

"धर. मी कुठं आख्खा म्हनते?"

जिवली हसली. "काकींच्या घरची हायस खरी."

रांगेत सुंदराला डाव्या टोकाची, शेवटची जागा मिळाली. ती तिने मागितली होती. मूठ डाव्या हातात धरून उजव्या हाताच्या तीन बोटांनी रोप चिखलात टोचायचे आणि मागे सरकायचे. वळलेली बोटे दर टोचणीला चिखलात आडवी येत. तिने ती तळहाताशी दुमडून धरली आणि तशी धरायला शिकेपर्यंत पहिल्या खाचराचा मोठा भाग गेला. दुपार झाली की ती बांधावर येई. दुसऱ्या दिवशी मनगट सुजले. तिने एक दिवस टाकला, हिराबाईने ऊन पाण्यात हात बुडवायला लावले, तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. जिवलीची आवणी संपली तेव्हा सुंदराचे फिटायचे बरेच उरले होते. दोघींनी तोंडी हिशोब केला. दोघींचा जुळला.

पुढच्या वर्षीच्या आवणीला ती पहिल्या सकाळपासून गेली. आता जिवली पूर्वीसारखी आपली पट्टी संपवून आडवी आली नाही. सुंदराची पट्टी सुंदराच लावी. बाकीच्या बायका बांधावर तंबाखू मळत तिची वाट पाहत.

"चल गो, पाय चालव," एखादी ओरडे. "आमाला घरी जायचंय."

"जा की. तुमाला कोणी बांधलंय?" सुंदरा वर न बघता म्हणे.

शेवटच्या दिवशी ओढ्याकडचे लांब खाचर होते. वर ढग होते, पण पाऊस धरून होता. मध्यावर आल्यावर सुंदरा थांबली, कंबर सरळ केली, हात झटकले. जिवलीने ते पाहिले.

"पुरं कर आता. तुझा अर्धा झाला."

"किती झाला ते मला कळतं. आज आख्खा हाय. उरलेला अर्धा तुझ्याकडं ठेवून मी काय करू?"

"डॉक्टर रागावंल."

"त्याला मी सांगीन."

भाकरी खायला ती बांधावर बसली तेव्हा तिने पाय पाण्याबाहेर बराच वेळ ठेवले, पिशवीतली गोळी घेतली, आणि मग पुन्हा उतरली. दुपारनंतर तिचा वेग आणखी कमी झाला. जिवलीची पट्टी संपली, इतर बायकांच्या संपल्या. त्या घरी गेल्या. जिवली बांधावर उकिडवी बसून राहिली. हिराबाई गुरे घेऊन ओढ्याच्या पलीकडून चालली होती. तिने एकदा इकडे पाहिले आणि गुरे पुढे हाकली.

सुंदराने शेवटचे रोप बांधाच्या कडेला टोचले. मुठीत दोन-तीन काड्या उरल्या, त्याही मोकळी जागा बघून लावल्या. मग ती वर चढली. चढताना तिने जिवलीच्या खांद्याचा आधार घेतला आणि जिवलीने तो दिला.

ज्या घरची सावड फिटली, त्या घरच्या बाईच्या हातावर दुसरीने पाणी घालायची रीत आहे. जिवलीने कळशी उचलली. सुंदराने दोन्ही हात पुढे केले. चिखल उतरला, खाली सरळ बोटे होती तशी वाकडीही होती. जिवलीने कळशी रिकामी होईपर्यंत पाणी घातले.

"फिटली गो," ती म्हणाली. "माझ्या दारात आता तुझं काय ऱ्हायलं नाय."

"काय बी नाय?"

"अर्धा बी नाय."

सुंदराने हात पदराला पुसले आणि खाली ठेवलेली पिशवी उचलली.

"मंग उद्या आमच्याकडं ये. आमची आवणी हाय. आख्खा दिवस ये."